करोनाच्या मधल्या वर्षांचा डेटा: ठेवायचा, वगळायचा की वेगळा मांडायचा? (मुंबई, कचरा प्रकल्प)

मोजपट्टी
नमस्कार मंडळी. देखरेख-मूल्यमापन, म्हणजे आमच्या बोलीत एम अँड ई, करणारे बरेच जण इथे वाचनमात्र असतात हे ठाऊक आहे. त्यांनी आज तरी लिहितं व्हावं.

आमचा पाच वर्षांचा संशोधन प्रकल्प आहे. एम-पूर्व (गोवंडी-मानखुर्द) वॉर्डातल्या एका वस्तीत घरोघरी ओला कचरा वेगळा करायचा, गल्लीत ठेवलेल्या पिंपांत त्याचं खत करायचं आणि वस्तीबाहेर जाणारा कचरा त्यामुळे किती घटतो ते मोजायचं. तुलनेला मुलुंडच्या काही सोसायट्या घेतल्या होत्या. बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची मोजणी, २०१९ च्या दिवाळीनंतर सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये संपली. त्यानंतर काय झालं ते सांगायला नको.

मिडलाइन, म्हणजे मधली मोजणी, २०२१ मध्ये फोनवरून उरकली. आमचे सर्व्हेअर कल्याण-अंबरनाथकडचे, आणि लोकलमध्ये सामान्य माणसाला कधी ठरावीक वेळात प्रवेश, कधी अजिबात नाही. दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून परवानगी मिळाली, तोवर मिडलाइनची मुदत संपत आली होती. वजनकाटा घेऊन घरात जाणं शक्यच नव्हतं, म्हणून 'साधारण किती कचरा होतो?' असं विचारून आकडा भरला.

आता एन्डलाइन, म्हणजे शेवटची मोजणी, तोंडावर आहे. डोनरच्या फॉर्मात तीन रकाने आहेत, बेसलाइन, मिडलाइन, एन्डलाइन, आणि खाली एक आलेख. आमच्या ऑफिसात दोन तट पडलेत. एक म्हणतो मिडलाइन गाळा, दुसरा म्हणतो तळटीप टाका आणि भरा. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काय ते सुचत नाही. शिवाय बेसलाइनची बरीच घरं आता सापडत नाहीत. कुणी गावी गेलं ते परत आलंच नाही, कुणी परत येऊन दुसऱ्या गल्लीत भाड्याने राहिलं. अशात तुम्ही काय केलंत?

हिशेबनीस
आधी एक सांगा, मुख्य इंडिकेटर, म्हणजे यश ज्यावर मोजायचं तो आकडा, काय आहे? 'प्रति घर प्रति दिवस बाहेर गेलेला कचरा, किलोत' असेल तर मिडलाइनचं नंतर बघू, दुखणं त्याच्या आधी आहे.

बेसलाइनला एका खोलीत सहा माणसं होती असं धरू. मे २०२० मध्ये त्यातली चार जालना-बीडकडे निघून गेली. कचरा निम्म्याच्या खाली आला. यात तुमच्या पिंपाचा काय वाटा? शून्य. त्याच वेळी मुलुंडच्या फ्लॅटात चौघं चोवीस तास घरी. ऑफिसचं कॅन्टीन, कॉलेजचा वडापाव, शनिवारचं हॉटेल, सगळं स्वयंपाकघरात आलं आणि कचरा वाढला. म्हणजे वस्तीत घट, सोसायटीत वाढ. कुणी भाबडेपणाने दोन्हींची वजाबाकी केली तर प्रकल्प दणदणीत यशस्वी!

डिफरन्स-इन-डिफरन्सेसची, म्हणजे दोन गटांतल्या बदलांची वजाबाकी करायच्या या पद्धतीची, सगळी मदार एका गृहीतकावर असते: प्रकल्प नसता तर दोन्ही गट एकाच दिशेने, एकाच चालीने बदलले असते. मुंबईत करोनाने ते गृहीतकच मोडलं. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर ही संशोधन संस्था यांनी आर-उत्तर, एम-पश्चिम आणि एफ-उत्तर अशा तीन वॉर्डांत रक्त तपासून सेरो सर्वेक्षण केलं होतं. वस्त्यांमध्ये ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या, वस्तीबाहेरच्या इमारतींत १६ टक्के. त्याच वॉर्डांत, एकाच महिन्यात एवढी तफावत. साथ जिथे एवढी असमान पसरली तिथे रोजगार, स्थलांतर, स्वयंपाक, कचरा यांवरचे परिणाम समान कसे असतील?

तेव्हा पहिलं काम म्हणजे प्रति घर सोडा, प्रति माणूस करा. बेसलाइनच्या फॉर्मात 'काल रात्री घरात किती जण झोपले?' हा प्रश्न होता का? असेल तर निम्मं वाचलात.

खवचट_काका
डोनरला वर जाणारी किंवा खाली येणारी सरळ रेघ हवी असते. द्या ना काढून! पट्टी आहेच तुमच्या नावात.

गंमत सोडा. लॉकडाउनमधल्या आकड्याला बेसलाइन धरणं म्हणजे एकादशीला झालेल्या किराण्याच्या खर्चावरून वर्षाचं बजेट बांधणं. पण लोक ते सर्रास करतायत. एप्रिल २०२० मध्ये रस्त्यावर गाड्या नाहीत, बांधकामं बंद, कारखाने बंद, हवा स्वच्छ. ती हवा 'आधी' म्हणून धरलीत तर नंतरचा प्रत्येक प्रकल्प नापास, आणि 'नंतर' म्हणून धरलीत तर रस्त्याकडेला चार कुंड्या ठेवणाराही पास. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा आधारवर्ष २०१७ धरलं होतं, ते बरं झालं. दीड वर्ष उशिरा सुरू झाला असता तर काय आधारवर्ष निवडलं असतं कुणास ठाऊक.

मोजपट्टी
@हिशेबनीस, मुख्य इंडिकेटर तुम्ही म्हणताय तोच आहे. प्रस्तावात तसाच मंजूर झालाय, त्यामुळे तो काढून टाकता येणार नाही, पण शेजारी दुसरा लावता येईल. झोपलेल्या माणसांचा प्रश्न नाही, पण कुटुंबातल्या माणसांची यादी आहे आणि 'सध्या इथे राहतात / गावी' अशी खूण आहे. तेवढ्यावर भागेल का?

खवचट काका, रेघेवरून बोलणी आम्ही रोजच खातो, तुम्ही नवीन काय दिलंत? :)

हिशेबनीस
भागेल. 'सध्या इथे' एवढेच मोजा. मिडलाइनलाही तीच खूण असेल तर उत्तम.

निकष
सल्लागारी करते, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात.

मला गंमत वाटते ती लॉगफ्रेमच्या, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टं आणि इंडिकेटर मांडायच्या तक्त्याच्या, शेवटच्या रकान्याची. १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसएड या परदेशी मदत देणाऱ्या संस्थेसाठी ही चौकट तयार झाली. तेव्हापासून तिच्यात 'गृहीतकं' नावाचा एक रकाना आहे, आणि तो कुणीही मन लावून भरत नाही. 'पाऊस वेळेवर पडेल', 'स्थानिक प्रशासन सहकार्य करेल', 'लोकांचा सहभाग मिळेल'. गेल्या प्रस्तावातून कॉपी करायचं आणि पुढे जायचं. माणसं घरात जाऊन मोजू शकतील, लोक आहेत तिथेच राहतील, शाळा-बाजार चालू असतील ही गृहीतकं इतकी खोल होती की ती लिहावीत असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. २०२० ने नेमकी तीच उडवली.

म्हणून माझा आग्रह असा, की मोजपट्टी, तुम्ही एन्डलाइनच्या आधी तो रकाना पुन्हा लिहा. काय गृहीत धरलं होतं, त्यातलं काय मोडलं, कोणत्या महिन्यात मोडलं आणि कोणत्या इंडिकेटरवर त्याचा परिणाम झाला. दोन पानं होतील. मूल्यमापन करणाऱ्याला आलेखापेक्षा त्या दोन पानांचा उपयोग जास्त. 'हा बदल आमच्यामुळेच झाला' असा दावा सोडून 'या बदलात आमचा हात कुठे आणि किती दिसतो' असं मांडता येतं. जॉन मेन यांनी काँट्रिब्युशन अ‍ॅनालिसिस म्हणून मांडलेली पद्धत हीच. पर्यायी कारणांची यादी करायची आणि एकेकाला पुराव्यानिशी तपासायचं. तुमच्या बाबतीत माणसं गावी जाणं, उत्पन्न घटणं, कचऱ्याची गाडी न येणं ही पर्यायी कारणं आहेत.

जाता जाता दुय्यम डेटाबद्दल. करोनानंतरची परिस्थिती म्हणून एनएफएचएस-५ चे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे) महाराष्ट्राचे आकडे ठोकून देणारे अहवाल मी पाहिलेत. महाराष्ट्र त्या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात होता, इथलं फील्डवर्क २०१९ च्या उत्तरार्धात झालं. म्हणजे ते आकडे साथीच्या आधीचे. प्रकाशनाचं साल बघून फसू नका. आणि २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्यामुळे नमुना निवडायला यादी २०११ ची. गोवंडी-मानखुर्दमध्ये २०११ नंतर किती गल्ल्या उगवल्या आणि किती गेल्या हे तिथे राहणाऱ्याला विचारा.

मुलुंडची_माउली
मी तुमच्या तुलनेच्या गटातली, म्हणजे तसल्याच एका सोसायटीची. आमच्याकडे खताचं मशीन आहे. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असं महापालिकेने २०१७ मध्ये सांगितलं, तेव्हा घेतलेलं. मार्च २०२० मध्ये कमिटीने बाहेरची माणसं आत घेणं बंद केलं. मशीन चालवणारा मुलगा बाहेरचाच. सगळा कचरा एकत्र करून गेटवर ठेवायला लागलो. मुलगा परत आला तेव्हा मशीनचा पट्टा गेलेला, दुरुस्तीला महिने गेले. त्या काळात आमच्याकडे कुणी फोन केला असता तर सेक्रेटरींनी 'आमची सोसायटी झीरो वेस्ट आहे' असंच सांगितलं असतं, पैज लावते. बोर्ड तर अजूनही आहे गेटवर.

हिशेबनीस
पाहा! म्हणजे तुलनेचा गटही त्याच काळात मागे गेलेला. आणि मागे गेल्याचं कारण मशीन नव्हे, लोकांच्या सवयी नव्हेत, तर वॉचमनला दिलेली सूचना. हे कुठल्या रकान्यात बसवणार?

गल्ली_नंबर_चार
वर्णन वाचून प्रकल्प कुठला ते कळलं. नाव घेत नाही. मी त्यात वस्तीताई होते, म्हणजे कार्यकर्ती. इथे नेहमी पाककृतीच्या धाग्यांवर असते, हा धागा मुलीने दाखवला.

फोनच्या सर्व्हेचं सांगते. बाई ज्या नंबरवर सापडायची तो नंबर बहुतेक घरी नवऱ्याचा. एकच फोन, तो सकाळी मुलाच्या ऑनलाइन वर्गाला. दुपारी चार्जिंगला. संध्याकाळी नवरा घरी. मग तुमच्या मॅडमचा फोन यायचा तो संध्याकाळी, स्पीकरवर. 'ताई, ओला-सुका वेगळा ठेवता का?' ती उत्तर द्यायच्या आधी नवरा म्हणायचा, 'हां हां, करते ना सगळं.' झालं, फॉर्म भरला. आमच्या शेजारच्या घरी हा फोन आला तेव्हा मी तिथेच उंबऱ्यात बसले होते. प्रकल्पाने दिलेल्या हिरव्या डब्यात पिण्याचं पाणी भरून ठेवलेलं होतं, वर ताट झाकून. नळाला दिवसाआड पाणी, सगळे घरी, पाणी साठवायला भांडी कमी. तो डबा नवा, झाकणाचा, स्वच्छ. कचऱ्याला कोण वापरेल? तिने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. तिला कुणी डब्याचं विचारलंच नाही.

आता दुसरं. तुम्ही म्हणता मधल्या वर्षांचं वजन नाही. आहे की. पहिल्या सर्व्हेच्या वेळी आम्हा वस्तीतायांना लटकवायचे काटे दिले होते ते परत घ्यायला कुणी आलंच नाही. गल्लीतल्या काही बायकांना सवय लागली होती. बादली काट्याला लावायची, रिकाम्या बादलीचं पाऊण किलो वजा करायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं. दूध, गॅस, भिशी जिथे लिहितो तिथेच. सिलिंडरच्या तारखेखाली 'दीड', 'सव्वा', 'दोन'. पाऊस असेल त्या दिवशी बाजूला 'प', कारण पावसात कचरा भिजून जड होतो हे आम्हीच शोधून काढलं. माणसं गावी गेली तर 'ग' आणि आकडा. मी दर महिन्याला कॅलेंडरचे फोटो गोळा करून ग्रुपवर टाकायचे. ऑफिसमधून अंगठा यायचा. नंतर अंगठाही बंद झाला, आम्ही टाकत राहिलो.

मोजपट्टी
ताई, मी २०२२ मध्ये जॉइन झालो, त्या ग्रुपवर मी नाही. हे फोटो अजून आहेत?

गल्ली_नंबर_चार
माझ्याकडे फोन बदलला तेव्हा अर्धे गेले. पण कॅलेंडरं आहेत. आमच्याकडे कुणी जुनं कॅलेंडर टाकत नाही, पोरांच्या वह्यांना कव्हरं घालतो. त्यातली राहिलेली असतील ती दाखवते.

खवचट_काका
पाच वर्षांच्या संशोधनाचा सगळ्यात चांगला डेटासेट इतिहासाच्या वहीवर कव्हर होऊन बसलाय. वा.

(हे टोमण्यात लिहिलं असलं तरी तुम्हा बायकांना सलाम. 'प' आणि 'ग' वाचून मानलं तुम्हाला.)

खाडीकिनारी
थोडं अवांतर, पण मुद्द्याचं. २०२० च्या उन्हाळ्यात नवी मुंबईच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. 'निसर्ग परतला' वगैरे. पक्षीनिरीक्षक म्हणून मला तेव्हा एकच खटकत होतं: पक्षी वाढले असतीलही, पण बघणारेही वाढले होते. खाडीसमोरच्या इमारतींत हजारो माणसं दिवसभर गॅलरीत, हातात कॅमेरे, दुसरं काम नाही. एरवी मोजणी करायची तर ठरलेली जागा, ठरलेली भरती-ओहोटीची वेळ आणि ठरलेली माणसं लागतात. मोजणाऱ्यांचे कष्ट सारखे नसतील तर दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडता येत नाहीत.

कॅलेंडरांनाही हेच लावून बघा. कोणत्या घरांनी लिहिलं, कधी लिहायचं थांबवलं, का थांबवलं? आकड्याइतकंच रिकाम्या चौकोनाकडे बघावं लागेल.

हिशेबनीस
खाडीकिनारी यांच्याशी पूर्ण सहमत, आणि म्हणूनच उत्साहावर थोडं पाणी ओततो. माफ करा ताई.

कॅलेंडर लिहिणाऱ्या बायका म्हणजे मुळातच ज्यांना या कामात रस होता त्या. त्यांच्या घरचा कचरा कमी असणारच. त्या आकड्यांची सरासरी काढून 'वस्तीची मिडलाइन' म्हणून रकान्यात भरलीत तर ती फोनच्या मिडलाइनपेक्षाही फसवी होईल, कारण ती जास्त खरी दिसेल. तो रकाना मी कॅलेंडरांनी भरू देणार नाही.

पण त्यांचा उपयोग दुसरा आहे आणि मोठा आहे. एकाच घराची सलग नोंद, त्यात माणसं किती, पाऊस कधी. अशी मूठभर घरं जरी मिळाली तरी तीन गोष्टी कळतील. एक, माणसं गावी गेल्यावर कचरा किती पडला, म्हणजे प्रति माणूस आकडा स्थिर राहिला की नाही. दोन, पावसाळ्यात वजन किती फुगतं. तुमची बेसलाइन हिवाळ्यातली आहे ना? मग एन्डलाइन चुकूनही जुलैत करू नका. तीन, ज्या घरांचं फोनवरचं उत्तरही आहे आणि कॅलेंडरही, तिथे दोन्ही ताडून बघा. फोनवर माणूस किती फुगवून किंवा घटवून सांगतो याचा अंदाज येईल. मग फोनची मिडलाइन फेकून द्यायची गरज नाही, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा ते सांगता येईल.

निकष
फोनच्या बाबतीत ताईंनी सांगितलं ते अपवादात्मक नाही. एनएफएचएस-५ मध्येच देशभरात साधारण ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. म्हणजे घरात फोन आहे याचा अर्थ बाईकडे फोन आहे असा होत नाही. मुंबईत प्रमाण जास्त असेल, पण ज्या बाईच्या हातात कचऱ्याचा डबा तिच्या हातात फोन नाही हा प्रश्न उरतोच. आता आम्ही फोनवर विचारतो तेव्हा पहिला प्रश्न 'हा फोन कुणाचा?' आणि दुसरा 'शेजारी कुणी बसलंय का?' शेजारी कुणी असेल तर हो-नाहीचे प्रश्न गाळतो आणि परत कधी फोन करू ते विचारून ठेवतो.

व्याख्यांकडेही बघा. २०२० मध्ये होम क्वारंटाइन घरांचा कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा द्यायचा असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितलं. बाकीच्या घरांनी वापरलेले मास्क ७२ तास कागदी पिशवीत ठेवून, कापून, सुक्या कचऱ्यात टाकायचे. तुमच्या बेसलाइनच्या 'सुका कचरा' मध्ये यातलं काहीच नव्हतं. वर्गीकरण बरोबर की चूक हे तपासणाऱ्या सर्व्हेअरने मास्क कुठे असला तर 'बरोबर' लिहिलं? त्याच्या मॅन्युअलमध्ये उत्तर नसणार.

आणि कॅलेंडरांचे फोटो घेताना सांभाळून. त्यावर फक्त कचरा नाही. भिशीचे हप्ते, उधारी, डॉक्टरची तारीख, पाळीची खूण, सगळं तिथेच असतं. ते फोटो आज ऑफिसच्या ड्राइव्हवर टाकले की त्या बाईचं घरच टाकल्यासारखं. फोटो नकोच. तिच्यासमोर बसून, तिने वाचून दाखवायचं, तुम्ही आकडा, 'प' आणि 'ग' एवढंच उतरवायचं. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आलाय हे तर आहेच, पण कायदा नसता तरी हेच करायला हवं होतं.

मुलुंडची_माउली
पाळीची खूण! अगदी. माझ्या कॅलेंडरवर सासूबाईंना कळू नये म्हणून मी त्रिकोण काढायचे.

मोजपट्टी
एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. काल ऑफिसात बसून थोडं ठरवलं, ते टाकतो. जिथे चूक वाटेल तिथे टोका.

आलेख जोडरेघेचा देणार नाही. तीन ठिपके वेगवेगळ्या खुणांचे, कारण तिन्ही वेळा मोजण्याची रीत वेगळी. डोनरच्या माणसाशी बोललो, तो चक्क हो म्हणाला. म्हणाला की बाकीच्या संस्थांकडून २०२१ चे इतके गुळगुळीत आकडे येतायत की त्यालाच शंका येते. गृहीतकांची दोन पानं जोडणार. प्रति घर आणि प्रति माणूस दोन्ही देणार. हरवलेल्या घरांच्या जागी शेजारचं घर घेण्याची पद्धत बंद. जे सापडले नाहीत त्यांची वेगळी यादी: गावी, दुसऱ्या गल्लीत, घर पाडलं, माहीत नाही. सोसायट्यांचा गट तुलनेला न ठेवता त्यांचं प्रकरण स्वतंत्र लिहिणार. माउली, मशीनच्या पट्ट्याबद्दल फोन करीन.

अडलंय ते पैशांवर. सप्टेंबर २०२० मधल्या एफसीआरए (परदेशी निधीचा कायदा) दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद झालं. पूर्वी आम्ही वस्तीतल्या महिला मंडळाकडे रक्कम वळवायचो आणि ते ताईंना द्यायचे. ती वाट गेली, आणि बहुधा काटे परत घ्यायला कुणी आलं नाही त्याचंही मूळ तिथेच आहे. आता सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतला, थोडा पैसा आहे. जानेवारी २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन बंधनकारक केलं, त्यामुळे या कामाला बजेट असतं, पण ते जातं सल्लागार कंपनीकडे.

निकष
सल्लागारांच्या वतीने बोलायचं तर, आमच्या करारात 'स्थानिक नोंद ठेवणाऱ्यांचं मानधन' अशी स्वतंत्र ओळ तुम्ही घालायला लावू शकता. निविदा काढतानाच घाला. नंतर मागाल तर कुणी देणार नाही, मीही नाही. प्रवासखर्चाच्या ओळीतून कापा. अंबरनाथहून रोज येणारी टीम लहान केलीत की तेवढे पैसे सुटतात.

आणखी एक. पुढच्या प्रकल्पात इंडिकेटर ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: उद्या ऑफिसातलं कुणी वस्तीत पोहोचू शकलं नाही तरी हे मोजलं जाईल का? साथ नको, २६ जुलैसारखा एक पाऊस पुरेसा आहे. कचऱ्याचं वजन या परीक्षेत पास झालं, कारण काटा वस्तीत होता. खताच्या पिंपाचं तापमान नापास, कारण थर्मामीटर तुमच्या बॅगेत होता. बरोबर ना?

मोजपट्टी
बरोबर. थर्मामीटर अजूनही बॅगेतच आहे.

गल्ली_नंबर_चार
पिंपाचं आम्ही हात घालून बघायचो. चटका बसला की चांगलं चाललंय, गार असलं की ढवळायचं, वास आला की सुका पाला टाकायचा. लिहून नाही ठेवलं कारण कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी तुमचं ठरलंय ते वाचलं. बायकांशी बोलले. कॅलेंडर वाचून दाखवायला सात जणी तयार आहेत, दोघी नाही म्हणाल्या, त्यांना परत विचारू नका. मानधनाचा कागद आधी दाखवा, मग वाचन. मागच्या वेळी 'नंतर बघू' झालं होतं. आणि एन्डलाइनला ज्या नव्या मुली नेमाल त्या याच गल्ल्यांतल्या घ्या. बारावी झालेल्या चार जणी घरी बसून आहेत. त्यांना बादलीचं वजन वजा करायला शिकवायला मला एक दुपार लागेल.

हिशेबनीस
आणि त्या चौघींनी भरलेल्या फॉर्मांपैकी दहातला एक दुसऱ्या कुणीतरी परत जाऊन तपासायचा. वस्तीतल्या मुली म्हणून सूट नाही, संशयही नाही. अंबरनाथच्या टीमला जो नियम तोच.

गल्ली_नंबर_चार
चालेल की. तपासणारा वजन करताना रिकामी बादली विसरला नाही म्हणजे झालं.

मोजपट्टीदादा, शनिवारी या. अकराच्या आत नको, पाणी येतं तेव्हा कुणी बोलायला मोकळं नसतं. कागद घेऊन या आणि थर्मामीटर पण.